गारपिटीच्या वाटेत उभी केलेली जीप

"तू आत्ता नेमकी कुठे आहेस?" सोहोनी सरांनी फोनवर विचारलं.

"पिंपळगावला सर. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये."

"ढग दिसतोय?"

मी बूथच्या काचेतून मान वाकडी करून पाहिलं. वणीच्या बाजूचं अर्धं आकाश काळंनिळं झालं होतं. ढगाचा माथा मात्र पांढराशुभ्र, लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला.

"दिसतोय. आम्ही निफाडकडे सरकतो सर. तो पूर्वेला निसटला तर..."

"पळू नकोस. उलट जा. खेडगावचा रस्ता धर आणि मोकळी जागा बघून थांब."

"म्हणजे ढगाकडे?"

"ढगाच्या वाटेत. मुंबईच्या रडारवाल्याचा फोन आत्ताच येऊन गेला. ढग तुझ्याकडेच निघालाय. पाऊण तास आहे. ठेव आता."

मी फोन ठेवला. गेली तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. फक्त ते वाक्य आपल्याला सांगितलं जाईल असं वाटलं नव्हतं. त्या आठवड्यापर्यंत मी फोनच्या त्या टोकाला होते आणि सर जीपमध्ये.

थोडं मागचं सांगते. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. हवामानावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचं आमचं छोटंसं युनिट गंगापूर रोडवर भाड्याच्या बंगल्यात होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा होल्डर, पोस्ट टेक्निकल असिस्टंटची. युनिटचे प्रमुख सोहोनी सर. तिसरे आमचे ड्रायव्हर एकनाथभाऊ, घोटीचे. घरची भातशेती भावाकडे सोपवून सरकारी गाडीवर लागलेले.

काम एका वाक्यात सांगायचं तर गारपिटीच्या मागे लागायचं. फेब्रुवारी ते एप्रिल नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात गारा पडतात. त्या ढगाखाली जमिनीवर नेमकं काय होतं, वारा कसा वळतो, तापमान कधी उतरतं, गारा पडायच्या आधी काही खूण मिळते का, याच्या नोंदी आमच्याकडे जवळपास नव्हत्या. वेधशाळेतली उपकरणं कुंपणाच्या आत एका जागी उभी असतात, आणि गारपिटीचा पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटर रुंदीचाच असतो. तो नेमका कुंपणावरून जाईल याची काय खात्री? सर म्हणायचे, "तीस वर्षं मी वादळांना माझा पत्ता देत आलो. एकही घरी आलं नाही."

म्हणून त्यांनी ही जीप मिळवली. पत्र्याच्या बॉडीची, जुनी. टपावर लोखंडी दांडी आणि तिच्यावर वारा मोजणारं यंत्र. तीन छोट्या वाट्या गरगर फिरतात, त्यावरून वेग कळतो. शेजारी दिशा दाखवणारा बाण आणि पांढऱ्या पेटीत तापमापक. या सगळ्यांच्या वायरी आत डेटा लॉगरला जोडलेल्या. लॉगर म्हणजे दर दहा सेकंदांनी आकडे आपोआप साठवणारा डबा. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर मात्र लॉगरला जोडलेला नव्हता, तो सेन्सर मंजूरच झाला नव्हता. त्याचं वाचन दर मिनिटाला डोळ्यांनी करून वहीत लिहायचं. आणि बॉनेटवर थर्माकोलचा जाड तक्ता, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळलेला. गार पडली की त्यात खळगा पडतो. नंतर खळगे मोजायचे. याला हेलपॅड म्हणतात. दिसायला शाळेतल्या प्रोजेक्टसारखा, पण जगभर हाच वापरतात.

पहिल्यापासून सर जीपमध्ये जायचे आणि मी बंगल्यात फोनवर. मुंबईहून रडारचे आकडे यायचे. गावोगावच्या सोसायट्या, शाळा, साखर कारखाने यांचे फोन यायचे. मी नकाशावर पिना टोचायची. सर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एखाद्या बूथवरून फोन करायचे, मी त्यांना सांगायची कुठे जायचं ते. मोबाइल आमच्या आवाक्यात नव्हता, आणि वायरलेसच्या परवानगीची फाइल कुठल्या टेबलावर होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन सीझनमध्ये सर गारपिटीत एकदाही सापडले नाहीत. प्रत्येक वेळी पोचायचे तेव्हा रस्त्यावर गारा वितळत असायच्या. एकदा तर फक्त चार किलोमीटरने चुकलं. तेव्हा मी दक्षिणेऐवजी पूर्व सांगितली होती. सर संध्याकाळी परत आले, बूट काढले, हेलपॅड भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर एकही खळगा नव्हता. "चहा आहे का?" एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला स्वतःला जीपमध्ये जायचं होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवरून मी "लासलगावला पोचा" म्हणायची आणि मनात त्या रस्त्यावरून जात राहायची. खिडकीतून गंगापूर रोडचं निळं, कोरडं आकाश दिसायचं. वादळ कुठेतरी चाळीस किलोमीटरवर, आणि मी पिना टोचत बसलेली.

तिसऱ्या सीझनचा शेवट आला. प्रोजेक्टची मुदत मार्चअखेर संपत होती, सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी फोनचं रजिस्टर माझ्या टेबलावरून उचललं.

"आजपासून तू जीपमध्ये."

"आणि तुम्ही?"

"फोनवर. फोनवर चांगला माणूस लागतो. जीपमध्ये कोणीही चालतं."

मला ते लागलं. चार किलोमीटरची शिक्षा म्हणून फोनवरून काढलं, असंच मी धरून बसले. एकनाथभाऊंना म्हटलंही, "सरांचा माझ्यावर विश्वास राहिला नाही." त्यांनी गिअर टाकला आणि म्हणाले, "ताई, सरांनी सकाळी हेलपॅड सोता बांधला बॉनेटला. दोन-दोनदा दोरी वढून बघितली. तुमचं तुम्ही बघा काय ते."

तर खेडगावच्या रस्त्यावर आम्ही थांबायला जागा शोधत होतो. डावीउजवीकडे द्राक्षबागा. काही बागांची काढणी चालू होती. एका ठिकाणी रस्त्यालगत बाग, पलीकडे पॅकिंगची पत्र्याची शेड आणि मध्ये मोकळं मैदान होतं. एकनाथभाऊंनी जीप कडुलिंबाखाली घेतली.

"इथं नको. झाडाखाली वारा बरोबर मोजता येत नाही. आणि वीज पडायची भीती. मैदानात घ्या."

"मैदानात काचा ऱ्हायच्या नाय ताई."

"नाही राहिल्या तर नाही."

त्यांनी जीप मैदानात उभी केली. मी लॉगर चालू केला, घड्याळ जुळवलं, वही उघडली. वारा आग्नेयेकडून येत होता, गरम, ढगाच्या दिशेने. मोठा ढग समोरची गरम हवा अशी आत ओढून घेतो, तेच त्याचं खाणं. वाट्या बऱ्यापैकी फिरत होत्या. तापमान पस्तीसच्या आसपास. सगळं पुस्तकात असतं तसं.

शेडमधून साठीच्या एक बाई आल्या, हातात द्राक्ष कापायची कात्री. बाग त्यांचीच होती. नाव ठकूबाई.

"काय वं, फोटू काढाया आले का बागंचे?"

"नाही मावशी. हवामानाचे आहोत. गारांचा अभ्यास करतो."

त्यांनी जीपवरच्या वाट्यांकडे पाहिलं, मग ढगाकडे. "मंग हितं कामून थांबले?"

आमचं थांबणं हेच उत्तर होतं, आणि ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. माझं माहेर मखमलाबादचं. वडील मेथी, कोथिंबीर, शेवंती लावायचे. मार्च महिन्यात ढग आला की आई देवापुढे बसायची. आणि मी त्याच ढगासाठी तीन वर्षं झुरत होते. हे दोन्ही माझ्यातच होतं, त्याचा मेळ मला कधी घालता आला नाही.

तेवढ्यात वारा पडला. कमी झाला असं नाही, बंदच झाला. वाट्या दोन-तीनदा डुगडुगल्या आणि थांबल्या. सरांनी मला हे क्षण शिकवून ठेवले होते. आत जाणारी हवा थांबते आणि ढगातून थंड हवा खाली कोसळायला निघते, त्या दोन्हींमधली ही फट. यानंतर दाब एकदम चढायला हवा. किती चढतो, किती मिनिटांत चढतो, हेच आम्हाला हवं होतं. प्रोजेक्टच्या प्रस्तावात पहिला मुद्दा तोच होता. दर मिनिटाला बॅरोमीटर वाचायचा, डोळा हलवायचा नाही.

"मावशी, शेडमध्ये जा. दहा मिनिटांत गारा येतील."

"आन् बाया?"

"कुठल्या बाया?"

"बागंत हायेत की. काढणीला लावल्यात. अकरा जणी अन् सून. पार टोकाला गेल्यात, ओढ्याच्या अंगाला."

बाग लांबच लांब होती. मांडवाखाली काहीच दिसत नव्हतं. एकनाथभाऊंनी हॉर्न दाबून धरला. कोणी आलं नाही. काढणीच्या वेळी रस्त्यावर हॉर्न वाजतच असतात, कोण लक्ष देणार?

"मी जातो," म्हणत ते उतरले आणि उजव्या हाताच्या ओळींत शिरले. पण बाग दोन भागांत होती, मध्ये पाटाचा बांध. एका माणसाला दोन्हीकडे पोचणं शक्य नव्हतं. मी वहीकडे पाहिलं. शेवटची नोंद केली, वेळ लिहिली. त्याखाली पुढच्या मिनिटांच्या रिकाम्या ओळी आखलेल्या होत्या. मी तिथे किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. फार नसावा, पण बसले हे खरं. मग पेन्सिल वहीत ठेवली आणि डाव्या हाताच्या ओळींत पळाले.

मांडवाखाली वाकून पळावं लागतं. घड डोक्याला लागत होते. मी ओरडत होते, "बाहेर निघा, गारा येतायत!" पहिल्या चौघी भेटल्या तेव्हा त्यांना वाटलं कुणाला साप चावला. क्रेट तिथेच टाकायला त्या तयार नव्हत्या. एकीला मी दंडाला धरून ओढलं. त्यांच्यापुढे आणखी तिघी. परत फिरलो तेव्हा मागून थंड हवेचा लोट आला, फ्रीजचं दार उघडल्यासारखा, आणि मांडवाच्या सगळ्या तारा एकदम वाजायला लागल्या.

बायका शेडमध्ये शिरल्या. एकनाथभाऊंनी उरलेल्या पाच जणींना आणलं, त्यांत सूनही होती. ठकूबाई मैदानातच उभ्या राहून मोजत होत्या. बारा मोजून झाल्यावरच हलल्या. तोवर थेंब सुरू झाले होते आणि जीप शेडपेक्षा जवळ होती, म्हणून त्या आमच्याबरोबर जीपमध्ये चढल्या. मी बॅरोमीटरसमोर बसले. काटा चढून गेलेला होता. वहीत मधल्या सात ओळी कोऱ्या होत्या.

मग गारा आल्या. मी त्या पाहिल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. डोळे काट्यावर, पेन्सिल वहीत, कानात लॉगरची पिप्-पिप्. मध्येच काहीतरी तुटून टपावरून घरंगळत गेलं. वाट्यांपैकी एक होती. समोरच्या काचेला आडवी भेग गेली, मग तिचा एक तुकडा आत पडला. तापमान एकवीसवर उतरलं होतं. मिनिट संपलं की लिहायचं, पुन्हा पाहायचं. माझ्या शेजारी ठकूबाई गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या बाहेर बघत होत्या.

गारा अठरा मिनिटं पडल्या. मग नुसता पाऊस, मग तोही नाही. बाहेर पांढरा चिखल झाला होता आणि पाना-द्राक्षांचा हिरवा आंबट वास सुटला होता. बागेकडे मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

ठकूबाई उतरल्या. पदर डोक्यावर घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सापडलं का तुमचं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी "हो" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि बागेत गेल्या. बायका शेडमधून एकेक करून त्यांच्यामागे गेल्या.

पिंपळगावच्या लाइनी बंद पडल्या होत्या. ओझरला येईपर्यंत फोन मिळाला नाही. फुटक्या काचेतून वारा घेत, थर्माकोलचा तक्ता मांडीवर धरून मी तिथवर आले. त्यावर खळगेच खळगे होते, बोट ठेवायला सपाट जागा मिळत नव्हती.

सरांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"विजया?"

"झालं सर. आमच्या डोक्यावरून गेला. मध्यभाग."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही दोघं ठीक आहात?"

"हो. वाऱ्याचं यंत्र गेलं. काच गेली. लॉगर चालू राहिला. तापमान पस्तीसवरून..."

"ते उद्या बघू. कसं होतं?"

"सात मिनिटं दाबाची नोंद नाही सर. मी..."

"कळलं. ते नाही विचारत. कसं होतं?"

मी ते पाहिलंच नव्हतं. तीस वर्षं हा माणूस ज्यासाठी थांबला होता त्याच्या मधोमध बसून मी एक काटा बघत होते. मी रिसीव्हर एकनाथभाऊंच्या हातात दिला.

"सर, एकनाथ बोलतोय. आधी सगळं गप झालं बघा. पाखरू बोलंना. मंग लांबून असा आवाज, खडीचा डंपर खाली करत्यात ना, तसा, पर थांबंचना. आन् जवळ जवळ. पयली गार पडली ती उडून परत वर गेली, सर, टपाच्या वर. आन् उजेड कसा म्हणाल तर हिरवा. व्हय, हिरवा. बाटलीतून बघावा तसा..."

ते बोलत राहिले. पलीकडून सर मध्ये मध्ये काहीतरी विचारत होते. "पाखरू किती आधी गप झालं?" "पहिली गार केवढी?" मी बूथच्या दाराशी उभी होते. एकनाथभाऊंनी शेवटी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "सर म्हणाले, पुन्हा सांग. म्हणून दोनदा सांगितलं."

आम्ही बंगल्यावर पोचलो तेव्हा सर फाटकात उभे होते. त्यांनी आधी हेलपॅड घेतला. व्हरांड्यात ट्यूबच्या उजेडात तिरपा धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. एकेका खळग्यावर बोट ठेवत होते. मग वही मागितली. कोऱ्या ओळींपाशी थांबले.

"इथे काय झालं?"

"बारा बायका बागेत होत्या सर."

त्यांनी खिशातून पेन काढलं. त्या सात ओळींवर तिरकी रेघ मारली आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नोंद नाही. निरीक्षक बागेतली माणसं हलवायला गेली.' खाली सही केली. वही मिटून मला दिली.

"तुम्ही असतात तर नोंद झाली असती," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

"मी असतो तर मी बसून राहिलो असतो," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, जाऊ दे."

जीपमधली आपली जागा मला देऊन त्यांनी नेमकं काय जाऊ दिलं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. मार्चअखेर प्रोजेक्ट संपला, सर रिटायर झाले. पेपर छापून आला, त्यात दाबाची रेघ मध्येच तुटक आहे. आमच्या या धंद्यातले लोक भेटले की अजून विचारतात, नेमकी तिथेच का तुटक?

पुढे दोन हजार सालानंतर नवा प्रोजेक्ट मिळाला आणि युनिट माझ्याकडे आलं. चांगली गाडी आली, मोबाइल आले, बॅरोमीटरही लॉगरला जोडला गेला. ठकूबाई आमच्या निरीक्षक झाल्या. सोसायटीच्या ऑफिसातून फोन करायच्या आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगायच्या, "हवा पडली हाय. बाया बाहेर काढल्या." वारा पडल्यापासून गारा येईपर्यंत माणसं आणि जनावरं आडोशाला नेण्याइतका वेळ मिळतो. बाग वाचवण्याइतका मिळत नाही. एवढंच आमच्या अभ्यासातून निघालं. ठकूबाईंना मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मंग थोडं हाय का?"

सरांना मी दर मार्चमध्ये गाडीतून न्यायची. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या घरून सकाळी घ्यायचं, पुढच्या सीटवर बसवायचं. टोपी, पाण्याची बाटली, मांडीवर जुना नकाशा. दिंडोरी, वणी, चांदवड, कुठे कुठे गेलो. गारा नेहमी दुसरीकडे पडायच्या. कधी आम्ही निघायच्या आदल्या दिवशी, कधी परतल्यावर. सर नाराज व्हायचे नाहीत. मोकळ्या माळावर गाडी थांबवायला सांगायचे, उतरून वर बघायचे, वारा कुठून येतोय ते हात वर करून पाहायचे. एकनाथभाऊ सोबत असले की एखाद्या वेळी म्हणायचे, "एकनाथ, तो उजेड कसा होता म्हणालास?" आणि एकनाथभाऊ पहिल्यापासून सांगायचे.

मग सरांचे गुडघे गेले. गाडीत चढणं बंद झालं. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. हिवाळ्याचे दिवस होते, आकाशात काही नव्हतं.

आमच्या युनिटमध्ये आता फोनची ड्यूटी पाळीपाळीने असते. मीही त्यात आहे. कोणी कितीही हुशार असो, फोनवर कायमचा बसायचं नाही, आणि सरांसारखी गाडीतली आपली पाळी दुसऱ्याला द्यायची नाही. ज्याची फोनची पाळी असते तो त्या दिवशी तोंड पाडून बसतो. मी त्याची समजूत काढायला जात नाही.